तिकांडं डोक्यावरच दिसलं पाहिजे: वर्गात, कापडी घुमटात आणि प्रदर्शनात आकाश कसं दाखवायचं

पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आकाशदर्शनाचा कार्यक्रम लावला होता. लॅपटॉप नवा, आदल्या रात्रीच पेनड्राइव्हवरून स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलेलं, आणि शाळेत नेटचा पत्ता नाही. रात्रीचे नऊ वाजलेत असं पडद्यावर लावून मी दक्षिणेकडे तोंड केलं, मृग दाखवला आणि बोलायला सुरुवात केली. मागच्या रांगेतून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिकांडं एवढं खाली नसतं. या टायमाला ते डोक्यावर येतं."

तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे. ही मुलं वसतिगृहात राहतात, जेवण झाल्यावर ताट धुवायला अंगणातल्या नळावर जातात, त्यामुळे थंडीभर रोज रात्री ते तारे त्यांच्या डोक्यावर असतात. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. नेट नसताना स्टेलॅरियम नवं टाकलं आणि आपली जागा सांगितली नाही, तर ते पॅरिसचं आकाश दाखवतं. पॅरिस 49 अंश उत्तरेला, आपलं नाशिक 20 अंशांवर. तिथून मृगाचा पट्टा जेमतेम 40 अंश वर चढतो, आपल्याकडे 69. मी खिडकीवरची घोंगडी बाजूला सारली, सगळ्यांना बाहेर नेलं, खरं तिकांडं बघितलं, आत येऊन जागा दुरुस्त केली आणि मग पुढे गेले. त्या मुलीला उरलेला पूर्ण तास लॅपटॉपपाशी बसवलं.

गेली अकरा वर्षं मी नाशिकच्या आसपास शाळांमध्ये, गणपती मंडळांमध्ये, विज्ञान प्रदर्शनांमध्ये आकाश दाखवते. शाळेत विज्ञान शिकवते, हे काम शनिवार-रविवारी. नवे शिक्षक मला सारखं विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर, कुठला प्रोजेक्टर, घुमट कसा करायचा. ते सगळं खाली लिहिलं आहे. पण पडद्यावरचं आकाश आणि दारातलं आकाश एकच आहे हे मुलांना पटलं पाहिजे, एवढी गोष्ट मी सर्वांत वर धरते. ते पटलं की साधी चादर पडदा म्हणून पुरते. ते पटलं नाही तर महागडा प्रोजेक्टरही सिनेमाच दाखवतो.

आधी जागा, मग बाकी सगळं

स्टेलॅरियम फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. फाबियां शेरो नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने 2000 साली त्याची सुरुवात केली. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, सहा लाखांवर तारे त्यात आधीच असतात, आणि तिकीट लावून कार्यक्रम केलात तरी सॉफ्टवेअर चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. भाषांच्या यादीत मराठी आहे. काही शब्द इंग्रजीतच राहतात, त्याला हरकत नाही.

एफ 6 दाबा. नेटवरून जागा आपोआप ओळखण्याची खूण काढून टाका. अक्षांश 20 उत्तर, रेखांश 73.8 पूर्व, उंची सहाशे मीटरच्या आसपास टाका, वेळेचा पट्टा कोलकाता निवडा आणि हीच जागा कायमची ठेवायची खूण करा. सुरगाणा, इगतपुरी, सिन्नर कुठंही गेलात तरी या आकड्यांनी डोळ्याला कळेल असा फरक पडत नाही, पण मी गावाचं नाव मात्र दरवेळी बदलते. खालच्या पट्टीवर "हरसूल" लिहिलेलं दिसलं की हरसूलची मुलं सावरून बसतात.

मग पडताळा. ध्रुव शोधा, त्याची उंची 20 अंश आली पाहिजे. हात ताठ धरून मूठ डोळ्यासमोर आणली की ती साधारण 10 अंश झाकते, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. हा पडताळा मुलांकडून करून घ्या, आधी पडद्यावर आकड्यांनी आणि नंतर अंगणात मुठींनी.

दुसरा पडताळा दिवसाचा. आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, नाशिक त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी. फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमाराला. अंगणात काठी रोवा, सावली सर्वांत आखूड कधी होते ते लिहून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये सूर्य मध्यान्हरेषेवर कधी येतो ते बघा. दोन्ही वेळा जुळल्या की मुलांचा या यंत्रावर जो विश्वास बसतो तो नुसत्या बोलण्याने बसत नाही. मेच्या 20 तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या 23-24 ला नाशिकमध्ये सावली पायातच नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मेची तारीख धरून ठेवा. शाळेला सुट्टी असली तरी मुलं येतात.

आपल्या गावचा डोंगर पडद्यावर आणा

स्टेलॅरियम उघडलं की खाली झाडं, गवत, कुरण दिसतं. ते कुठलं तरी परदेशातलं आहे. त्याच्या जागी आपल्या शाळेचं क्षितिज घालता येतं, आणि या कामात मुलांना दोन दिवस लागले तरी ते दोन दिवस द्या.

सर्वदूर फोटो काढून, त्यातलं आकाश पुसून, ते चित्र क्षितिज म्हणून घालता येतं. मी तसं दोनदा केलं. छान दिसतं, पण सगळं काम संगणकावर बसलेल्या एकट्याचं होतं. त्यापेक्षा मला दुसरा मार्ग आवडतो: क्षितिज मोजायचं. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मध्याला दोरा बांधा, दोऱ्याला एक नट अडकवा. सरळ कडेवरून डोंगराचा माथा बघायचा आणि दोरा कुठल्या अंशावर पडला ते दुसऱ्याने वाचायचं. दोरा 90 वर असेल तर उंची शून्य, 80 वर असेल तर दहा. दिशेसाठी होकायंत्र किंवा मोबाइल. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, तो सोडून द्या. उत्तरेपासून सुरू करून दर दहा अंशांना एक माप, म्हणजे 36 मापं. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीला एक जोडी लिहायची: आधी दिशा, मग उंची. क्षितिजाच्या माहितीच्या छोट्या फाइलमध्ये प्रकार "पॉलिगोनल" लिहून या यादीचं नाव द्यायचं, दोन्ही फाइली झिप करायच्या आणि एफ 4 च्या खिडकीतून लँडस्केपच्या यादीत टाकायच्या. स्टेलॅरियम तुमच्या मापांना जोडणारी डोंगराची कड आखून देतं.

अंजनेरीच्या पश्चिमेला, त्र्यंबककडच्या बाजूला असलेल्या एका शाळेत आम्ही हे केलं. पूर्वेला अंजनेरीच उभी, मुलांच्या मापात तिचा माथा 11 अंश आला. दोन गटांनी वेगवेगळं मोजलं होतं, एकाचं 11, दुसऱ्याचं 13, त्यावरून भांडण झालं. तिसऱ्यांदा मोजून 11 ठरलं, तेव्हा दुसऱ्या गटाचा दोरा कोनमापकाच्या मध्याला नव्हे तर जरा खाली बांधलेला निघाला.

मग एका मुलाने विचारलं की संकष्टीला दिनदर्शिकेवर चंद्रोदयाची जी वेळ छापलेली असते, त्या वेळेला आमच्याकडे चंद्र का दिसत नाही? त्याची आई दर संकष्टीला ताटकळत बसते. आम्ही येणारी संकष्टी लावली, चंद्रोदयाची वेळ टाकली आणि घड्याळ हळूहळू पुढे नेलं. चंद्र अंजनेरीच्या मागेच. पडद्यावरच्या कडेवर तो डोकावला तेव्हा छापील वेळेनंतर पाऊण तास उलटून गेला होता. हिशोब सोपा आहे: आकाश तासाला 15 अंश सरकतं, आपल्या अक्षांशावर पूर्वेचा चंद्र तासाला साधारण 14 अंश वर चढतो, मग 11 अंशांचा डोंगर चढायला त्याला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटं लागणारच. त्या मुलाने ती वेळ वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात तो शाळेच्या फाटकातच भेटला: "मॅडम, दोनच मिनिटं इकडंतिकडं झाली. आई म्हणाली, आता दर महिन्याला काढून दे."

वर्गात

वर्ग अंधारा करणं हे प्रोजेक्टरपेक्षा मोठं काम आहे. जुन्या गोधड्या, घोंगड्या, मंडपवाल्याकडचं काळं कापड, जे मिळेल ते खिडक्यांना लावा. दाराखालची फट सगळे विसरतात, तिथे पोतं टाका. अंधार नीट झाला तर 3000 लुमेनचा साधा ऑफिसचा प्रोजेक्टरही जास्तच पडतो, मग तो मंद मोडवर ठेवा, आकाश जास्त काळं दिसतं. चुना मारलेली भिंत उत्तम. ऑइलपेंटची भिंत चमकते, तिच्यावर चादर ताणून लावा. सगळी भिंत भरायचा मोह नको. लहान आणि ठसठशीत चित्र बरं.

भिंतीवर पूर्ण आकाश दाखवू नका. साठ ते नव्वद अंशांचा तुकडा दाखवा, म्हणजे दक्षिण दिशा आणि डोक्यापर्यंतचा भाग. पूर्ण आकाश सपाट भिंतीवर ताणलं की तारकासमूह वेडेवाकडे होतात आणि बाहेर गेल्यावर मुलांना ते ओळखू येत नाहीत.

एफ 4 च्या खिडकीत ताऱ्यांचा आकार थोडा वाढवा, प्रोजेक्टरवर बारीक तारे विरघळतात. एफ 2 मध्ये अक्षरांचा आकार वाढवा, शेवटच्या बाकावरून ती वाचता आली पाहिजेत. कंट्रोल आणि टी एकत्र दाबलं की खालच्या-बाजूच्या पट्ट्या नाहीशा होतात. बाकी कळा चारच पाठ करा: सी ने तारकासमूहांच्या रेषा, व्ही ने नावं, जी ने जमीन, ए ने वातावरण. वेळेसाठी जे मागे, एल पुढे, के दाबलं की नेहमीचा वेग, 8 दाबलं की आत्ताची वेळ. एल एकदा दाबलं की वेग दसपट होतो. तीनदा दाबलं की अख्खी रात्र पाऊण मिनिटात सरते, त्यापुढे जाऊ नका.

आदल्या दिवशी विंडोजचं अपडेट, व्हॉट्सअॅपच्या सूचना, स्क्रीनसेव्हर, सगळं बंद करा. एका शाळेत ऐन शर्मिष्ठेच्या वेळी अपडेट सुरू झालं आणि साठ मुलं अर्धा तास निळ्या पडद्याकडे बघत बसली. तेव्हापासून मी लॅपटॉप विमान मोडवरच ठेवते.

प्रकाशप्रदूषणाची सोय मी हमखास वापरते. एफ 4 मध्ये नऊ पायऱ्यांची पट्टी आहे. शहरातल्या शाळेत मी आठव्या-नवव्या पायरीवर सुरुवात करते, म्हणजे रविवार कारंजावरून दिसतं तसं, आठ-दहा तारे आणि चंद्र. मग एकेक पायरी खाली. गंगापूर धरणाच्या पलीकडे, मग त्र्यंबकच्या पुढे, मग पेठच्या जंगलात. तिसऱ्या पायरीवर आकाशगंगा उमटते आणि वर्ग गप्प होतो. पेठ-सुरगाण्याच्या शाळेत मी उलटं करते: त्यांच्या आकाशापासून सुरू करून शहरापर्यंत नेते. एका पोराने विचारलं होतं, "नाशिकला तारे कुणी नेले?" त्याला पट्टी पुन्हा खाली आणून दाखवली की कुणी नेले नाहीत, दिव्यांखाली बुजलेत.

काय दाखवायचं

पहिली दहा मिनिटं आज रात्रीचं आकाश, दुसरं काही नाही. कृष्णविवर, आकाशगंगांचे समूह, गुरूच्या चंद्रावरून सूर्योदय, हे सगळं दाखवता येतं, पण ते शेवटी, दहा मिनिटं. नवे लोक उलट करतात आणि मग मुलांना घरी जाताना वर बघावंसं वाटत नाही, कारण वर तसं काही दिसत नाही.

शेतकरी घरातल्या मुलांसाठी माझा ठरलेला प्रयोग आहे. 8 जून लावा, दुपारची वेळ. सगळ्यांना माहीत असतं, "मृग लागला." विचारा, मृग दिसतो का जूनमध्ये? नाही. मग ए दाबा. वातावरण जातं, भरदुपारी तारे उगवतात, आणि सूर्य मृगाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, वृषभाच्या शिंगांजवळ उभा असतो. नक्षत्र लागणं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येणं, आणि म्हणूनच ते दिसत नाही. आजीच्या तोंडची पावसाची सगळी नक्षत्रं, रोहिणी, मृग, आर्द्रा ते हस्तापर्यंत, अशी एकेक लावता येतात.

शहरात, विशेषतः पंचवटीत, सिंहस्थ दाखवा. 2003, 2015 आणि 2026-27. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हे नाशिकच्या पोराला सांगावं लागत नाही, पण सिंह कुठे आणि गुरू कुठे हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. 29 ऑगस्ट 2015 लावा, नाशिकच्या पहिल्या शाहीस्नानाचा दिवस. वातावरण बंद करा. सूर्य सिंहेत मघा ताऱ्याच्या जवळ, आणि त्याच्यापासून अवघ्या दोन अंशांवर गुरू. ज्याच्यासाठी रामकुंडावर एवढी गर्दी लोटली, तो त्या दिवशी सूर्याच्या तेजात पूर्ण लपलेला होता. मग फक्त वर्ष एकेकाने पुढे न्या: गुरू दर वर्षी साधारण एक राशी ओलांडतो, कन्या, तूळ, वृश्चिक, आणि 2027 ला पुन्हा सिंहेत. त्याची फेरी 11.86 वर्षांची असल्याने तो जरा पुढेच गेलेला दिसतो. हा थोडा थोडा फरक साचत जातो, त्यामुळेच हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर बाराऐवजी अकरा वर्षांनी, 2021 ला आला. एवढं दाखवायला मला वीस मिनिटं लागतात आणि मी ती कधीही कमी करत नाही.

कापडी घुमट

नाशिकमध्ये महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, मुलांना तिथे जरूर न्या, मोठ्या घुमटाखाली मान वर करून बसण्याची सर दुसऱ्या कशाला नाही. पण सुरगाण्याहून बस करून येणं प्रत्येक शाळेला जमत नाही, म्हणून आम्ही घुमट गाडीत घालून नेतो.

जगातलं पहिलं प्रक्षेपण तारांगण 1923 साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाइसच्या यंत्रावर दाखवलं गेलं. ते यंत्र फक्त म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारं आकाश दाखवू शकायचं. आज आपण एका खिडकीत आकडा बदलतो आणि पेठचं आकाश उमटतं, ही केवढी सोय हातात आली आहे हे मी मुलांना दरवेळी सांगते.

आमचा घुमट पाच मीटर व्यासाचा, हवेने फुगणारा. मंडपाची शिलाई करणाऱ्या एका काकांनी शिवून दिला. कलिंगडाच्या फाकांसारख्या 16 फाका. पाच मीटर व्यासाचा परीघ 15.7 मीटर, म्हणून प्रत्येक फाक तळाशी 98 सेंटिमीटर रुंद. तळापासून टोकापर्यंतची लांबी परिघाच्या पाव भागाएवढी, 3.93 मीटर. फाकेची मधली रुंदी 49 नव्हे, 69 सेंटिमीटर, कारण ती सरळ त्रिकोणासारखी नाही तर कोसाइनप्रमाणे निमुळती होते. पहिल्यांदा काकांनी सरळ त्रिकोण कापले होते, घुमट टोकाला शंकूसारखा झाला आणि सगळं कापड वाया गेलं. शिलाईसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर जादा धरा. कापड बाहेरून काळं, उजेड आत न येणारं, आतून फिकट राखाडी. पांढरं घेऊ नका: एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर उसळतो आणि सगळं आकाश धुरकट होतं.

हवेसाठी आम्ही जुन्या कूलरचा पंखा कापडी नळीने जोडला आहे. तळाला शिवलेल्या पिशवीत वाळू भरतो, म्हणजे कड जमिनीला चिकटून राहते. खाली सतरंज्या. पंचवीस ते तीस मुलं मावतात, त्याहून एकही जास्त घेऊ नका, मार्चनंतर तर वीसच. आत फार उकडतं. वीज गेली तर घुमट धाडकन पडत नाही, हळूहळू बसतो, पण मुलं घाबरतात. दाराशी एक मोठं माणूस कायम हवं, आणि सुरू करण्याआधी मुलांना सांगा की कापड खाली आलं तर हाताने वर धरायचं आणि रांगेने बाहेर जायचं. आम्ही एकदा मुद्दाम पंखा बंद करून सराव करून घेतो. ज्याला अंधाराची भीती वाटते त्याला दाराजवळ बसवा, त्याच्यावर हसू देऊ नका.

चित्र सगळ्या घुमटावर पसरवणारं, माशाच्या डोळ्यासारखं रुंद (फिशआय) भिंग महाग असतं. स्वस्त उपाय ऑस्ट्रेलियातल्या पॉल बोर्क यांनी प्रचारात आणला: प्रोजेक्टर घुमटाच्या कडेला ठेवायचा, त्याच्यासमोर फुगीर आरसा, आणि आरशावरून चित्र सगळ्या घुमटावर पसरवायचं. घाटातल्या वळणावर असतो तसला आरसाही चालतो. मात्र त्याचा मुलामा मागच्या बाजूला असतो, म्हणून प्रत्येक ताऱ्याशेजारी एक पुसट जुळा दिसतो. पुढच्या बाजूला मुलामा दिलेला आरसा मिळाला तर जुळे जातात. त्यावर बोट लावायचं नाही, पुसायचाही नाही, फक्त फुंकायचा.

स्टेलॅरियममध्ये एफ 4 मधून फिशआय प्रक्षेपण निवडा, एफ 2 मध्ये गोल आरशाच्या विकृतीची, म्हणजे स्फेरिक मिरर डिस्टॉर्शनची खूण करा. आरशाची त्रिज्या, घुमटाची त्रिज्या, प्रोजेक्टरची जागा हे आकडे स्टेलॅरियमच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, हाताने लिहावे लागतात. ते टेपने मोजून लिहा, अंदाजाने नको. जुळवणीसाठी झेड दाबून जाळी आणा. जाळीचा खस्वस्तिक बिंदू, म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू, घुमटाच्या टोकावर, जिथे सोळा शिवणी एकत्र येतात तिथे, बसला पाहिजे. आम्ही चार शिवणींवर लाल दोऱ्याने उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम काढलं आहे, क्यू दाबल्यावर दिशांची अक्षरं त्या दोऱ्यांवर आली की काम झालं. घुमटाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करूनच घुमट उभारा, म्हणजे बाहेर आल्यावर मुलांना दिशा पुन्हा शोधावी लागत नाही. फोकस सगळीकडे एकसारखा बसत नाही, मधल्या उंचीवर बसवा.

घुमटात आकाश भरभर फिरवलं की पोटात ढवळतं. वेग वाढवायचा तर क्षितिज स्थिर ठेवून वेळ पुढे न्या, नजर मात्र फिरवू नका.

लॅपटॉप घुमटाच्या बाहेर ठेवा आणि मोबाइलवरून चालवा. स्टेलॅरियमच्या प्लगइनच्या यादीत रिमोट कंट्रोल आहे. ते सुरू करून एकदा बंद-चालू करा, त्यापुरता विमान मोड काढून लॅपटॉप आणि मोबाइल एकाच हॉटस्पॉटवर जोडा, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे 8090 टाका. वेळ, जागा, रेषा सगळं हातात येतं. मोबाइलच्या पडद्यावर संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद दुहेरी चिकटवा.

प्रदर्शनात

इथे माणूस सतत उभा राहत नाही, आणि येणारा प्रत्येक जण सगळ्या कळा दाबून बघतो. मी कीबोर्डवर प्लायवूडचा पाट बसवला आहे, त्याला पाचच भोकं: सी, ए, जे, एल आणि 8. शेजारी रंगात लिहिलं आहे, रेषा, दिवस-रात्र, मागे, पुढे, आत्ता. माउस लपवून ठेवा. कुणी हात लावत नसेल तेव्हासाठी स्टेलॅरियमची छोटी स्क्रिप्ट लिहिता येते, एफ 12 मध्ये ती तपासता येते: तारीख लाव, पाच सेकंद थांब, वातावरण काढ, रेषा आण, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या स्क्रिप्टमध्ये तीन देखावे आहेत, तिकांडं, सिंहस्थ आणि शहरातलं-जंगलातलं आकाश, मिळून चार मिनिटं. चार मिनिटांपेक्षा जास्त कुणी थांबत नाही. लॅपटॉपमागे हवा खेळती ठेवा, टेबलक्लॉथखाली कोंबलेला लॅपटॉप दुपारी बंद पडतो.

बाकी सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. सूर्यमालेत उडत फिरायचं असेल तर सेलेस्टिया, जुन्या संगणकावरही चालतं. वर्ल्डवाइड टेलिस्कोप मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने 2008 मध्ये काढलं, पुढे ते मुक्त स्रोत झालं. ते ब्राउझरमध्ये चालतं, खऱ्या दुर्बिणींची चित्रं त्यात सुंदर दिसतात, पण नेट चांगलं लागतं. ओपनस्पेस मोठ्या तारांगणांत वापरतात, त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड हवं. शाळेसाठी मी अजून स्टेलॅरियमच्या बाहेर गेलेले नाही.

कार्यक्रम संपला की ट्यूबलाइट लावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागलेली असतात, ती एका बटणाने जातात. प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, ते काम दाराशी उभ्या असलेल्या माणसाला द्या. तुम्ही लाल कागदाची बॅटरी घ्या, शाळेच्या अंगणातले दिवे आधीच बंद करून ठेवायला शिपाईमामांना सांगितलेलं असू द्या, आणि मुलांना रांगेने बाहेर न्या. बाहेर तुम्ही काही बोलू नका. पडद्यावर जे शेवटचं दाखवलं तेच वर कुठे आहे, हे त्यांनाच एकमेकांना दाखवू द्या. फेब्रुवारीत नऊच्या सुमाराला कुणाचं तरी बोट सरळ डोक्यावर जातं, आणि मग दक्षिणेला खाली, डोंगराच्या कडेवर, अगस्ती सापडतो.